मदत हवी: खुलताबाद, दौलताबाद, वेरूळ आणि खरा हिमरू. क्रम कसा लावू?

शेवंता_परभणी
पुढच्या आठवड्यात निघायलोत. दौलताबादचा किल्ला, खुलताबाद, वेरूळची लेणी, छत्रपती संभाजीनगर शहरातलं एखादं संग्रहालय आणि जमलं तर पैठण, एवढं बघायचंय. चुलतबहिणीच्या लग्नात द्यायला हिमरूची, म्हणजे सूत-रेशमाच्या नक्षीदार कापडाची, शाल पण घ्यायची आहे, मागावरचीच पाहिजे. नेटवर बघून डोकं उठलं, सगळीकडं तेच चार फोटो. गाडीवाल्याला उद्या संध्याकाळपर्यंत सांगायचंय. लवकर सांगा.

घाटवाट
वार कुठला? किती जण? म्हातारं माणूस, लेकरं आहेत का? मुक्काम शहरात की वेरुळात? यातलं काहीच लिहिलं नाही, क्रम कशावरून लावायचा?

डोंगरझाडी
इतक्या लांब येताच आहात तर म्हैसमाळ सोडू नका. खुलताबादहून १२ किलोमीटरच्या आसपास. गिरिजामातेचं दर्शन होतं, वरून खालचा सगळा मुलूख दिसतो. आम्ही दर पावसाळ्यात जातो, मन भरत नाही.

शेवंता_परभणी
म्हैसमाळ नको, हवा खायला नाही यायलो. मंगळवारी सकाळी शहरात पोचतो, मुक्काम शहरातच, गुरुवारी सकाळी परत. चौघं आहोत. पहिल्या दिवशी वेरूळ करून टाकावं म्हणते, मोठं काम उरकतं.

घाटवाट
म्हणूनच वार विचारला. वेरूळची लेणी मंगळवारी बंद असतात. मंगळवारी गेलात तर घृष्णेश्वराचं दर्शन घेऊन परत यावं लागेल.

फर्दापूर_फाटा
अजिंठा सोमवारी बंद असतं, मंगळवारी चालू. मंगळवारी सरळ अजिंठा करा. शहरातून शंभरेक किलोमीटर, पहाटे निघालात तर आरामात होतं. पहिल्या क्रमांकाच्या लेण्यातलं पद्मपाणीचं चित्र बघितल्याशिवाय परत जाऊ नका.

शेवंता_परभणी
अजिंठ्याचं विचारलंच नाही हो. ते आमचं झालेलं आहे. आणि आईचे गुडघे दुखतात, तिला इतका प्रवास आणि वर चढण झेपायची नाही.

घाटवाट
गुडघ्याचं आत्ता सांगितलंत! दौलताबादचा पूर्ण किल्ला म्हणजे सातशेच्या वर पायऱ्या. त्या आईंनी चढू नयेत. पण खालचा भाग त्यांच्यासाठी पुरेसा आहे. महाकोट दरवाजातल्या तोफा, हत्ती हौद, भारतमाता मंदिराचे खांब आणि चांदमिनार. मिनार बहमनी काळातला, १५व्या शतकातला, उंची दोनशे फुटांच्या वर. एवढं सपाटीवर, हळूहळू चालत होतं. तुमच्यातलं कुणी धडधाकट असेल त्यानं चिनी महाल, मेंढा तोफ, खंदक आणि अंधारी, म्हणजे काळोखी भुयारी वाट, करून यावं. सोबत टॉर्च ठेवा.

यादवकालीन
अंधारी बघितली नाही तर देवगिरी, म्हणजे दौलताबाद, बघितला असं म्हणूच नये. यादव राजा पाचव्या भिल्लमानं १२व्या शतकात राजधानी केली तेव्हापासून या डोंगराचे कडे तासत आलेत. शत्रू आत शिरला तरी त्या काळोखात वाट चुकून मरावा अशी रचना. आईंना पायथ्याशी बसवा आणि तुम्ही वर जा, पूर्ण वर.

घाटवाट
चार तास आईला पायथ्याशी बसवून? उन्हात? असला सल्ला देऊ नका. त्या सहलीला आल्यात, सामान राखायला नाही.

यादवकालीन
सावली आहे तिथं. आणि वरच्या बारादरी महालापर्यंत गेल्याशिवाय किल्ल्याचा आवाका कळत नाही, हे माझं मत कायम.

लगदा_आणि_कागद
भांडण बाजूला ठेवा. दौलताबादहून खुलताबादकडं जाताना कागजीपुरा लागतो. सगळे गाडीतून सुसाट पुढं जातात, याचं मला फार वाईट वाटतं. मुहम्मद तुघलकानं १३२७ मध्ये राजधानी दौलताबादला हलवली, तेव्हा आलेल्या कारागिरांपासून इथला हातकागद सुरू झाला असं तिथले लोक सांगतात. कापडाच्या चिंध्यांचा लगदा हौदात कालवलेला असतो. कारागीर जाळीची चौकट त्यात तिरपी बुडवतो, आडवी करून उचलतो, दोन्ही हातांनी हलकेच हिसडा देतो. पाणी खाली निथळतं आणि जाळीवर सायीसारखा पातळ थर राहतो. तोच कागद. मग दाबून पाणी काढायचं, वाळवायचा, घोटायचा. हिसडा कमीजास्त झाला की कागद एका बाजूला जाड येतो. हे बघायला चढण नाही, तिकीट नाही. आईंना इथं घेऊन जाच.

शेवंता_परभणी
हे माहीतच नव्हतं. नक्की करते. खुलताबादला काय काय? तिथं डोंगरावर चढावं लागतं का?

घाटवाट
गाव पठारावर आहे, गाडी वर जाते. भद्रा मारुती बघा, निद्रिस्त मारुती आहे. शनिवारी अलोट गर्दी, मंगळवारी जरा कमी. सूफी संत झैनुद्दीन शिराझींच्या दर्ग्याच्या आवारात औरंगजेबाची कबर आहे, वर छत नाही, साधी उघडी माती. भोवतीची संगमरवरी जाळी खूप नंतरची, व्हाइसरॉय कर्झनच्या काळातली. बंदोबस्त असतो, ओळखपत्र जवळ ठेवा आणि फोटोचं आधी विचारा.

खडकीचा_नहर
आणि मलिक अंबर? त्याचा मकबरा खुलताबादलाच आहे आणि कुणी फिरकत नाही. हबशी गुलाम म्हणून आलेला माणूस निजामशाहीचा वजीर झाला, मुघलांना वर्षानुवर्षं झुंजवलं, खडकी वसवली, म्हणजे आजचं आपलं शहर, आणि तिला नहरीनं पाणी आणलं. १६२६ मध्ये वारला. अर्धा तास काढा, हात जोडून सांगतो.

सीताफळ_बीड
दौलताबादच्या घाटात रस्त्याच्या कडेला सीताफळं मिळतात, दसऱ्याच्या सुमाराला. चांगली असतात. पण बीडच्या बालाघाटातल्या सीताफळाची गोडी वेगळी. भौगोलिक मानांकन आमच्या फळाला आहे.

डोंगरझाडी
दौलताबादचं गर जास्त देतं. खाऊन बघा मग बोला.

शेवंता_परभणी
सीताफळाचा वेगळा धागा काढा ना. हिमरूचं कुणीच सांगेना. खरा कसा ओळखायचा?

येवलेकर_सून
सोपं आहे. उलटी बाजू बघा. मागं सुटे धागे लोंबत असतील तर मशिनचा माल, घेऊ नका. हातमागाचं कापड दोन्ही बाजूंनी सारखं दिसतं.

ताणाबाणा
थांबा, हे पैठणीचं झालं. पैठणीत नक्षीचा धागा नक्षीपुरता गुंतवून परत फिरवतात, म्हणून पदरावरचा मोर मागूनही तसाच दिसतो. हिमरूत ताणा, म्हणजे उभा धागा, सुती, बाणा, म्हणजे आडवा धागा, रेशमाचा, आणि नक्षीचा जादा धागा जिथं वर लागत नाही तिथं मागून मोकळा जातो. मागची बाजू सुट्या धाग्यांनी भरलेली असते आणि त्यामुळंच शाल उबदार, मऊ लागते. सुटे धागे बघून खरा हिमरू बाजूला सारला तर पंचाईत.

येवलेकर_सून
आमच्या घरात पिढ्यान्‌पिढ्या माग आहेत. उलटी बाजू बघूनच माल ठरतो.

ताणाबाणा
पैठणीसाठी अगदी बरोबर. हिमरूसाठी नाही. शेवंताताई, यंत्रमागाच्या हिमरूलाही मागं धागे असतात, त्यामुळं उलट्या बाजूवरून निकाल लावूच नका. ज्याच्याकडं माग चालू आहे त्याच्याकडंच घ्या. "दाखवा" म्हणा. खड्ड्यात पाय सोडून बसलेला विणकर आणि मागावर निम्मं विणलेलं कापड डोळ्यांनी बघा. माग दाखवायला टाळाटाळ झाली की उठा. मागावरचे कारागीर फार थोडे उरलेत, पैसे त्यांच्या हातात गेले पाहिजेत.

तगर
संग्रहालयच बघायचं तर धाराशिव जिल्ह्यात तेरला या. लामतुरे संग्रहालयात सातवाहन काळाचं काय काय ठेवलंय! रोमशी व्यापार करणारं गाव होतं हे. त्रिविक्रमाचं विटांचं देऊळ आहे, गोरोबाकाकांची समाधी आहे.

शेवंता_परभणी
तेर सध्या नाही जमणार, पण वही काढून लिहून ठेवलंय. शहरातलं सांगा.

घाटवाट
सोनेरी महाल. बुंदेला सरदारानं बांधलेला, आत पुरातत्त्व खात्याचं संग्रहालय, आजूबाजूला निवांत. आता क्रम घ्या. मंगळवारी दौलताबाद खालून, कागजीपुरा, खुलताबाद. बुधवारी उघडल्याउघडल्या वेरूळ. आईंना कैलास, म्हणजे १६वं लेणं, खालूनच दाखवा, बाकी जमेल तसं. मग घृष्णेश्वर. तिथं गाभाऱ्यात पुरुषांना सदरा काढावा लागतो, सोबत पुरुष असतील त्यांना आधी सांगा. दुपारी परत येऊन सोनेरी महाल, संध्याकाळी हिमरू. पैठण सोडा. ते दक्षिणेला पन्नास किलोमीटर, हे सगळं वायव्येला.

पैठण_नाथनगरी
पैठण सोडा असं कसं म्हणता? नाथांचा वाडा, गोदावरी, पैठणीचे माग, सगळं एका गावात. गुरुवारी सकाळी परतायच्या ऐवजी पैठण करून जा.

शेवंता_परभणी
गुरुवारी बाबांची कामावर हजेरी आहे, पैठणला दिवाळीत वेगळं येऊ. घाटवाट यांचा क्रम गाडीवाल्याला कळवते. एकच राहिलं. मंगळवारी कागजीपुऱ्यात काम चालू दिसेल का? आणि दौलताबादच्या आधी जाऊ की नंतर?

लगदा_आणि_कागद
वाराचं विशेष काही नाही, पण दुपारी जेवणवेळ टाळा. आधी किल्ला उरका, उन्हं चढायच्या आत, आणि तिथून अकराच्या सुमाराला कागजीपुऱ्यात या. पाऊस नसला तर वाळवणही चालू दिसेल. कागद घेणार असाल तर घोटलेला मागा, न घोटलेल्यावर शाई फुटते.