सल्ला हवा आहे: लेकीच्या पक्क्या दाढेची नस वाचवावी की रूट कॅनाल करावं?

ओवीची_आई
मुलगी साडेसात वर्षांची आहे. खालची पहिली पक्की दाढ येऊन दीडच वर्ष झालंय आणि कीड पार आत गेलीये. गार पाण्याने सणक येते, पण लगेच थांबते. सूज नाही, रात्री दुखून उठत नाही. एका डॉक्टरांनी रूट कॅनाल सांगितलं. दुसरे म्हणतात, नस जिवंत आहे, नसेचा वरचा खराब भाग काढून एमटीए किंवा बायोडेंटिन (नसेवर भरायची सिमेंटं) भरू. दुधाची दाढ असती तर इतकी घाबरले नसते. कुणी केलंय का?

अण्णा_सांगली
नातवाचा पुढचा दात पडून तुटला तेव्हा एमटीए भरलं होतं. नस वाचली, पण दात करडा दिसायला लागला. तेवढं विचारून घ्या.

दातांचा_डॉक्टर
ताई, तपासल्याशिवाय निदान सांगता येत नाही. पण लक्षणं तुम्ही लिहिलीत तशीच असतील, तर आधी नस वाचवायचा प्रयत्न व्हायलाच हवा. पक्की दाढ वर आल्यावर तिच्या मुळांची टोकं बंद व्हायला साधारण तीन वर्षं लागतात. आत्ता नस काढली तर मुळांची वाढ तिथेच थांबेल. भिंती पातळ राहतील आणि पुढे चावताना मूळ तडकण्याची भीती राहील.

दोन्ही सिमेंटं कॅल्शियम सिलिकेटची, बांधकामाच्या पोर्टलँड सिमेंटच्या जातकुळीतली. ओल असली तरी घट्ट होतात, कॅल्शियम सोडतात आणि त्याखाली नस स्वतःच नवं दंतिन (दाताच्या आतला कठीण थर) तयार करते. पूर्वी वापरायचो ते कॅल्शियम हायड्रॉक्साइड हळूहळू विरघळायचं, शिवाय त्याखालच्या थरात बारीक बोगदे राहायचे.

अण्णा, करडेपणा बहुधा एमटीएतल्या बिस्मथ ऑक्साइडमुळे. बायोडेंटिनमध्ये झिर्कोनियम ऑक्साइड असतं, त्यामुळे हा त्रास फारसा नाही. एमटीए घट्ट व्हायला पावणेतीन तास घेतं, बायोडेंटिन सुमारे १२ मिनिटं. लहान मुलांसाठी हा फरक मोठा आहे.

पण औषधापेक्षा हात महत्त्वाचा. रबर डॅम (लाळ अडवायला दाताभोवती ताणलेला रबरी पडदा) लावणार का, हे नक्की विचारा. लाळ आत गेली तर महागडं सिमेंटही वाया. वरून पक्कं भरणं किंवा कॅपही लांबवू नका.

ओवीची_आई
आणि नसेचा भाग काढल्यावर आत रक्त थांबलंच नाही तर?

दातांचा_डॉक्टर
सोडियम हायपोक्लोराइट या जंतुनाशक द्रावणाचा बोळा काही मिनिटं दाबून धरतात. तरी नाही थांबलं तर सुजलेला भाग अजून आत आहे असं समजून थोडं खोल जातात, मुळांतली नस तरीही ठेवता येते. नंतर सहा महिन्यांनी आणि वर्षाने एक्सरे चुकवू नका. दुखत नाही म्हणजे सगळं ठीक, असं नसतं.

ओवीची_आई
दुसऱ्या डॉक्टरांना फोन केला. रबर डॅम लावतात म्हणाले. शनिवारी सकाळची वेळ घेतलीये.

दातांचा_डॉक्टर
छान. पोटभर खाऊ घालून न्या. भूल उतरेपर्यंत दोन-तीन तास ओठ चावत नाही ना, यावर लक्ष ठेवा. मुलं गंमत म्हणून चावतात आणि संध्याकाळी ओठ सुजतो.