जुन्या स्विफ्टचे पुढचे लोअर आर्म बुश घरीच बदलावे का? बुश दाबून काढायचा-बसवायचा प्रेस नाहीये

मुलुंड_ईस्टवाला
नमस्कार मंडळी. गाडी स्विफ्ट पेट्रोल, २००८ ची. १५ वर्षं झाली तेव्हा आरटीओत जाऊन पुढच्या ५ वर्षांसाठी रजिस्ट्रेशन वाढवून घेतलंय, त्यामुळे "विकून टाक" हा सल्ला कृपया नको, घरात तो रोज मिळतोच. तर झालंय असं की पाऊस सुरू झाल्यापासून पुढे डाव्या बाजूने टक-टक येतंय, स्पीडब्रेकरवरून उतरताना एक ठोका, एलबीएस रोडवर मेट्रोच्या पत्र्यांच्या बाजूने जाताना तर सलग खडखडाट, आणि जोरात ब्रेक मारला की गाडी किंचित डावीकडे ओढते. डाव्या टायरची आतली कडही जास्त घासलीये. एका गॅरेजवाल्याने खाली वाकून बघितलं न बघितलं आणि दोन्ही लोअर आर्म (चाकाला बॉडीशी जोडणारे खालचे हात), लिंक, शॉकअप, माउंटिंग सगळंच बदलावं लागेल म्हणाला, आकडा ऐकून मी चहा न पिताच निघालो. दुसरा म्हणतो फक्त बुश (आर्म गाडीला जोडतो तिथली रबरी कडी) गेलेत. माझ्याकडे सॉकेट सेट, लांब टॉमी (लोखंडी दांडा), ट्रॉली जॅक आणि दोन स्टँड आहेत, ब्रेक पॅड आणि मागचे शॉकअप घरी बदललेत पण आर्म कधी काढला नाही. पार्किंग स्टिल्टमध्ये आहे, खाली पेव्हर ब्लॉक. गणपतीला चिपळूणला जायचंय त्याआधी उरकायचं आहे. घरी जमेल का आणि प्रेस नसताना बुश कसे काढायचे?

भांडुपचा_पाना
जमेल. पण आधी नक्की काय गेलंय ते बघ रे बाबा, नाहीतर बुश बदलशील आणि आवाज तसाच राहील. टक-टक आवाज लिंकचाही असतो, बॉल जॉइंटचाही (आर्म आणि चाकाच्या हबमधला फिरता सांधा), शॉकअपच्या वरच्या माउंटिंगचाही. सोपी टेस्ट सांगतो, दोन्ही बाजूच्या स्टॅबिलायझर लिंक (वळणावर गाडी कलू न देणाऱ्या बारला जोडणाऱ्या छोट्या दांड्या) काढून बाजूला बांध आणि कंपाउंडमध्येच एकदम हळू एक चक्कर मार, आवाज गायब झाला तर लिंक गेलीये, बुशला हात लावायची गरज नाही. (असं रस्त्यावर फिरू नकोस, वळणावर गाडी भरपूर कलते.) चाक हवेत घेऊन वर-खाली धरून हलव, प्ले (ढिलेपणा) लागला तर बॉल जॉइंट किंवा बेअरिंग, डावी-उजवीकडे धरून प्ले लागला तर टाय रॉड एंड (स्टिअरिंगचा चाकाकडचा सांधा). उभ्या गाडीत स्टिअरिंग फिरवताना स्प्रिंग टण्णकन उडाल्यासारखी वाजत असेल तर वरचं माउंटिंग.

राहिला बुश. स्टिअरिंग पूर्ण एका बाजूला वळव, मोबाईल व्हिडिओवर ठेवून चाकामागे जमिनीवर सोड, टॉर्च मार, आणि घरच्या कुणाला तरी गाडी अगदी हातभर पुढे-मागे करून ब्रेक मारायला सांग. आपण लांब उभं राहायचं, हात आत घालायचा नाही. आर्मचा मागचा मोठा बुश गेला असेल तर व्हिडिओत स्पष्ट दिसतं, ब्रेक लागला की अख्खा आर्म मागे सरकतो आणि सोडला की परत येतो. ब्रेकला गाडी ओढते आणि टायर आतून खातेय म्हणतोयस त्यावरून मला तोच वाटतोय, कारण आर्म सरकला की चाकाचा अँगलच बदलतो.

दादरकर_काका
भांडुपकरांनी बरोबर सांगितलंय. माझं म्हणणं एवढंच की बॉल जॉइंटलाही प्ले असेल तर बुशच्या नादी लागू नका, बुश आणि बॉल जॉइंट बसवूनच येणारा पूर्ण आर्म घ्या, प्रेसची भानगडच संपली. बॉल जॉइंट टाइट असेल आणि आर्म वाकलेला-गंजलेला नसेल तर मात्र फक्त बुश टाकणं शहाणपणाचं, विशेषतः आर्म कंपनीचा ओरिजिनल असेल तर. बाजारात स्वस्त आर्म भरपूर मिळतात पण त्यातलं रबर हातात धरूनच कळतं काय लायकीचं आहे ते. ऑपेरा हाऊसला स्पेअर पार्टच्या बाजारात जाणार असाल तर जुना आर्म किंवा निदान त्याचे फोटो घेऊन जा, नुसतं "स्विफ्टचा बुश" म्हणून मागितलं तर दुकानदार वर्ष विचारतो, मग पेट्रोल की डिझेल विचारतो आणि तरीही चुकीचा देतो.

मुलुंड_ईस्टवाला
लिंक काढून चक्कर मारली, आवाज तसाच. मग व्हिडिओ केला आणि काय सांगू, डावा आर्म ब्रेकला सरळ मागे जातोय, बुशचं रबर मधल्या नळीपासून अर्ध्यावर फाटलंय, फट दिसतेय. उजव्याला नुसत्या बारीक भेगा. बॉल जॉइंट दोन्ही घट्ट आहेत. म्हणजे बुशच. पण डावा बुश तेलकट दिसतोय, हे कशाने? आणि काकांच्या पोस्टवरून आठवलं, इथे कुणी पीयू (रबराऐवजी पॉलियुरेथेनचे) बुश टाकलेत का? एक मित्र म्हणतो एकदा टाकले की आयुष्यभर बघायला नको.

टॉमी_घेऊन_फिरणारा
तेल आधी शोध भाऊ. वरून इंजिनचं किंवा ड्राइव्हशाफ्टच्या (गिअरबॉक्समधून चाक फिरवणाऱ्या दांड्याच्या) सीलमधून गिअर ऑइल गळत असेल आणि बुशवर पडत असेल तर रबर फुगतं, मऊ पडतं आणि मग असंच फाटतं. गळती तशीच ठेवलीस तर नवा बुशही त्याच वाटेने जाणार.

आता काम कसं करायचं ते सांगतो, गाडी वेगळी असली तरी पद्धत हीच. पेव्हर ब्लॉकवर स्टँड डायरेक्ट ठेवू नकोस, ब्लॉक खचतो नाहीतर तिरका होतो, खाली जाड प्लायचा तुकडा टाक. मागच्या चाकांना उटी (अडसर) लाव, हँडब्रेक ओढ, चाकाचे नट जमिनीवर असतानाच थोडे सैल कर. पुढच्या दोन्ही बाजू उचलून स्टँडवर घे, एकच बाजू उचललीस तर स्टॅबिलायझर पिळलेला राहतो आणि लिंक निघता निघत नाही. काढलेलं चाक बॉडीखाली आडवं सरकवून ठेव, स्टँड घसरलाच तर गाडी चाकावर बसेल, तुझ्यावर नाही. नुसत्या जॅकवर उभ्या गाडीखाली जायचं नाही, ह्यावर चर्चा नको.

बॉल जॉइंटचा आडवा बोल्ट नुसता ढिला करून भागत नाही, पूर्ण बाहेर काढावा लागतो, कारण बॉल जॉइंटच्या दांड्याला खाच असते आणि बोल्ट त्या खाचेतून जातो. लोक बोल्ट अर्धा ठेवून वरून हातोडे मारत बसतात. बोल्ट निघाला की टॉमीने आर्म खाली दाब, गरज पडली तर फटीत छिन्नी अगदी हलकी ठोक, जास्त फाकवू नकोस. एकदा सुटला की हबला बाहेरच्या बाजूला लोंबकळू द्यायचं नाही, तारेने शॉकअपजवळ बांधून ठेव, नाहीतर ड्राइव्हशाफ्टचा आतला जॉइंट ओढला जाऊन सुटतो आणि मग एका कामाची तीन कामं होतात. ब्रेकच्या पाइपवर आणि एबीएस असेल तर त्याच्या वायरवर ताण येतोय का तेही बघ.

आर्मचे बोल्ट म्हणजे खरा मुंबईचा पेपर. इतकी वर्षं पावसाचं आणि तुंबलेलं पाणी खाल्लेला बोल्ट बुशच्या आतल्या नळीत गंजून एकजीव होतो. ओळखायचं कसं, तर बोल्टचं डोकं फिरतंय असं वाटतं पण सोडलं की स्प्रिंगसारखं थोडं परत येतं, म्हणजे बोल्ट सुटत नाहीये, रबर पिळतंय. डब्ल्यूडी-४० आदल्या रात्री मार, सकाळी परत मार, थोडा घट्ट कर मग थोडा सोड असं पुढे-मागे करत काढ. सबफ्रेममध्ये (आर्म जिथे बसतो त्या लोखंडी चौकटीत) वेल्ड केलेला नट असेल तर पाइप लावून अंगात आल्यासारखं ओढू नकोस, तो नट आत तुटून फिरायला लागला तर घरचं काम तिथेच संपलं. गॅसने तापवायचं असेल तर ते गॅरेजमध्ये, स्टिल्टमध्ये पेट्रोलच्या पाइपजवळ नाही.

भांडुपचा_पाना
प्रेसचं उत्तर राहिलं. आर्म काढून हातात घेतलास की तुझं मुख्य काम झालं, ते दोन्ही आर्म आणि नवे बुश पिशवीत घाल आणि जवळच्या लेथवाल्याकडे जा. हायड्रॉलिक प्रेसवर त्याला काही वेळ लागत नाही. भांडुप, मुलुंडच्या इंडस्ट्रियल गाळ्यांमध्ये शोधलंस तर मिळेल, घरी घण मारून आर्म वाकवण्यापेक्षा हे कितीतरी बरं. पण तिथे नुसतं देऊन चहाला जाऊ नकोस, समोर उभा राहा. दोन गोष्टी बघ. दाब बुशच्या बाहेरच्या लोखंडी कड्यावर आला पाहिजे, मधल्या नळीवर किंवा रबरावर दिला तर नवा बुश आत जातानाच फाटतो. दुसरं म्हणजे दिशा. मागच्या बुशमध्ये रबराला मोकळ्या फटी सोडलेल्या असतात, त्या कुठल्या बाजूला हव्यात हे ठरलेलं असतं. जुना बुश काढायच्या आधी फटींसमोर आर्मवर पांढऱ्या पेंटची खूण कर आणि फोटोही काढ, कारण एकदा जुना बुश बाहेर आला की प्रत्येकजण छातीठोकपणे वेगळी दिशा सांगतो.

प्रेस मिळालाच नाही तर लांब आटेवाला रॉड, जाड वॉशर आणि योग्य मापाचा पाइपचा तुकडा घेऊन ओढून काढता येतो, वेळ लागतो पण होतं. जुनं कडं अडकलं तर हॅकसॉच्या पात्याने आतून फक्त कडं काप, आर्मला चर पडू देऊ नकोस. नवा बसवताना साबणाचं पाणी लाव, ग्रीस किंवा इंजिन ऑइल नको, रबराला ते चालत नाही. बुश जाळून काढा असं कुणी सांगेल, त्या धुराने सेक्रेटरी तुला सोसायटीतून काढेल.

अंधेरी_ते_गोवा
पीयूवर माझं मत जरा वेगळं आहे. मी माझ्या जुन्या गाडीत टाकलेत, स्टिअरिंग एकदम टाइट झालं, हायवेला मजा येते, पण मुंबईच्या आतल्या रस्त्यांवर प्रत्येक खड्डा सीटपर्यंत येतो आणि सिलिकॉन ग्रीस सुकलं की दाराच्या बिजागरीसारखं कुरकुरतं, मग परत खोलून ग्रीस भरा. रबर बुश आतल्या आत पिळतो आणि परत येतो, पीयू आपल्या जागेत फिरतो, म्हणून त्याला ग्रीस लागतंच. आयुष्यभर बघायला नको वगैरे काही नाही. घरात आईवडील बसणार असतील तर चांगल्या कंपनीचे रबरच टाक.

लालबाग_८००
थोडं विषयांतर, पण कुणी मारुती ८०० वाला हे वाचत असेल तर त्याच्यासाठी. आपल्या गाडीत असा एल आकाराचा आर्म नसतो, स्टॅबिलायझर बारच आर्मला पुढे-मागे धरून ठेवतो. त्यामुळे ब्रेकला गाडी ओढत असेल तर आर्मच्या आतल्या बुशबरोबर बारच्या टोकाचे आणि बारच्या क्लॅम्पचे बुशही बघा, तेच आधी संपलेले असतात. छोटे आहेत, स्वस्त आहेत आणि प्रेस लागत नाही.

मुलुंड_ईस्टवाला
सगळ्यांचे आभार. तेल ड्राइव्हशाफ्टच्या सीलमधून येतंय, ते पण करून घेतो. रबर बुशच घेतोय, दोन्ही बाजूंना. सोसायटीत रविवारी सकाळी चालेल म्हणालेत, पेव्हरवर तेल सांडलं तर मात्र माझ्या नावाने नोटीस. एकच शंका, बसवताना बोल्ट किती टाइट करायचे?

टॉमी_घेऊन_फिरणारा
किती ते तुझ्या मॉडेलच्या सर्व्हिस मॅन्युअलमध्ये बघून टॉर्क रेंचने (ठरलेल्या जोराने कसायच्या पान्याने), अंदाजाने नको. पण त्यापेक्षा महत्त्वाचं आहे कधी. चाकं लोंबकळत असताना आर्मचे बोल्ट फायनल टाइट करायचे नाहीत, नुसते हाताने बसवून ठेवायचे. बुशची मधली नळी बोल्टने घट्ट धरली जाते आणि बाहेरचं कडं आर्मबरोबर फिरतं, म्हणजे लोंबकळत्या स्थितीत कसलंस तर गाडी खाली आल्या आल्या रबर कायमचं पिळलेलं राहणार आणि वरून खड्डे. नवे बुश काही महिन्यांत फाटले म्हणून ओरडणारे बरेच जण इथेच फसलेले असतात आणि शिव्या दुकानदाराला देतात. चाकं लाव, गाडी खाली घे, पुढून दाबून दोन-चारदा हेलकावे दे आणि मग कस. खाली हात पोचत नसेल तर गाडी स्टँडवर ठेवूनच आर्मच्या बॉल जॉइंटकडच्या टोकाखाली जॅक लाव, बॉडी स्टँडवरून सुटायला आली की थांब, तेव्हा आर्म साधारण चालत्या गाडीच्या उंचीवर असतो, तिथे कस. बॉल जॉइंटचा बोल्ट आणि लिंकचे नट कधीही कसले तरी चालतात. नायलॉनवाले लॉकनट जुने परत वापरू नकोस.

दादरकर_काका
आणि अलाइनमेंट लगेच करून घ्या, आर्म काढला म्हणजे ते आलंच. आतून खाल्लेला डावा टायर पुढे ठेवून कशेडी घाट चढू नका, बोगद्यातून जायचं असेल तरीही नको. काम गणपतीच्या दोन आठवडे आधी करा, मधल्या दिवसांत ऑफिसला ने-आण करा, आवाज ऐका, मग सगळे बोल्ट आणि चाकाचे नट एकदा परत चेक करून निघा. आदल्या रात्री बोल्ट अडकला तर त्या दिवसांत गॅरेजवालेही गावाला गेलेले असतात.