डीएमपी चालू असताना क्रेडिट कार्डाचे चार्जेस परत मिळतात का? (यूके)

नर्सबाई_स्लाऊ
नमस्कार मंडळी. मी इथे यूकेत एनएचएसमध्ये, म्हणजे सरकारी आरोग्यसेवेत नर्स. नवऱ्याचं वेअरहाऊसचं काम सुटलं, आणि दोन कार्डं व एक कॅटलॉगचं खातं (उधारीवर वस्तू घ्यायचं) अंगावर आलं. मोफत सल्ला देणाऱ्या एका संस्थेतर्फे डेट मॅनेजमेंट प्लॅन (डीएमपी), म्हणजे देणी झेपतील तेवढ्या हप्त्यांत फेडायची योजना घेतली. महिन्याला १४० पौंड जातात, त्यातले ५२ मोठ्या कार्डाला. एकही हप्ता चुकवलेला नाही.

परवा नाइट करून आले, झोप येईना, म्हणून त्या कार्डाची जुनी स्टेटमेंटं काढून बसले. प्लॅन सुरू झाल्यावरही महिन्यामागून महिना 'लेट पेमेंट फी १२.००' आणि त्याच्याच खाली 'ओव्हर लिमिट फी १२.००'. मी पोटाला चिमटा काढून ५२ भरायचे आणि त्यातले २४ ह्यांनी तिथल्या तिथे गिळायचे! वर त्या २४ वर व्याज लावलंय ते निराळंच. पुढे चार्जेस बंद झाले, पण तोवर नुसत्या फीचे २६४ पौंड गेले होते.

हे परत मागता येतात का? मिळाले तर हातात येतील का? आणि मागितले म्हणून बँक चिडून प्लॅन मोडेल का? वॉर्डातली एकजण म्हणते, क्लेम करून देणारी कंपनी गाठ, ते सगळं बघतात. साताऱ्याला आईला यातलं काहीच माहीत नाही, त्यामुळे घरात कोणाला विचारायची सोय नाही.

लेस्टरचे_काका
ताई, आधी कंपनीचा नाद सोडा. बँकेने पैसे परत दिले तर ते बहुधा तुमच्या हातात येणार नाहीत, कार्डाच्या बाकीतून वजा होतील. पण कंपनीची फी मात्र तुम्हाला रोख भरावी लागेल. प्लॅनवर असलेल्या माणसाने ती आणायची कुठून? एक पत्र तर लिहायचंय, ते तुम्ही स्वतः लिहू शकता.

आता १२ पौंडांचं. पूर्वी बँका एकेका चुकीला २०-२५ पौंड लावायच्या. २००६ साली ऑफिस ऑफ फेअर ट्रेडिंगने (ग्राहकांचं हित बघणारी तेव्हाची सरकारी संस्था) सांगितलं की १२ च्या वरची फी आम्ही अन्यायकारक धरू, तेव्हापासून सगळे १२ वर येऊन बसले. त्यामुळे '१२ पौंड जास्त आहेत' एवढ्यावर भांडाल तर हात हलवत परत याल. तुमचा मुद्दा वेगळा आहे. तुम्ही अडचणीत आहात हे बँकेला माहीत होतं, प्लॅनचं पत्र तिच्याकडे पोचलं होतं, तरी फी चालू राहिली. अडचणीतल्या ग्राहकाचं व्याज आणि चार्जेस थांबवण्याचा किंवा कमी करण्याचा विचार करा, असं एफसीएचे (बँका-कर्जांवर देखरेख ठेवणारी संस्था) नियमच सांगतात. प्लॅन कायद्याने बंधनकारक नसतो, हे खरं, त्यामुळे 'थांबवायलाच हवं होतं' असं लिहू नका. 'विचार केलात का, केला असेल तर काय ठरलं' असं विचारा.

ही फी कशी लागते तेही बघून ठेवा. कार्डाचा महिन्याचा किमान हप्ता असतो समजा ९०, प्लॅनमधून जातात ५२. कॉम्प्युटरच्या लेखी तुम्ही हप्ता बुडवलाच. व्याज आणि फी चढून बाकी लिमिटच्या वर गेली की दुसरी फी. माणसाने हात घालून थांबवेपर्यंत हे चालूच राहतं.

हिशेबी_हॅरो
काकांशी सहमत. पत्रात नुसती फी मागू नका, फीवर लागलेलं व्याजही मागा. स्टेटमेंटं नसतील तर सब्जेक्ट ॲक्सेस रिक्वेस्ट (बँकेकडे असलेली आपली माहिती मागायचा अर्ज) टाका, २०१८ पासून त्याला सहसा पैसे लागत नाहीत. तक्रार म्हणून नोंदवा असं ठळक लिहा. आठ आठवड्यांत उत्तर नाही आलं, किंवा पटलं नाही, तर फायनान्शियल ओम्बड्समनकडे (बँकांविरुद्धच्या तक्रारी सोडवणारी स्वतंत्र संस्था) जा. अंतिम उत्तर आल्यापासून सहा महिने असतात, तिथे फुकट. बँक चिडते-बिडते असं काही नसतं, तक्रार विभाग वेगळा असतो.

आणि एक बघा, न विचारता लिमिट वाढवलं होतं का? तर तो स्वतंत्र मुद्दा होतो.

नर्सबाई_स्लाऊ
लिमिट दोनदा वाढवलं, दोन्ही वेळा नुसतं पत्र आलं! बरं, कर्ज पुढे कलेक्शनवाल्यांना विकलं तर?

लेस्टरचे_काका
मग आधी खातं आता कोणाच्या मालकीचं ते लेखी विचारा. विकल्यावर जुन्या बँकेला परतावा परस्पर बाकीत वळवता येईलच असं नाही, काहींना चेक मिळालेत. चेक आला तर प्लॅनवाल्यांना कळवा. आयव्हीए (देणेकऱ्यांशी केलेला, कायद्याने बंधनकारक करार) असता तर तो पैसा बहुतेक देणेकऱ्यांकडेच गेला असता, डीएमपीत तसं बांधलेलं नसतं.

बाकीतून वजा झाला तरी नाराज होऊ नका. २६४ म्हणजे तुमच्या ५२ च्या हिशेबाने पाच हप्ते, व्याज थांबलेलं आहे ना?

नर्सबाई_स्लाऊ
हो, थांबलंय. लिमिटची दोन्ही पत्रं सापडली, बुधवारी सुट्टी आहे, तेव्हा लिहिते. रेकॉर्डेड पोस्टाने पाठवू की ईमेल चालतो?

हिशेबी_हॅरो
ईमेल चालतो, पोच मात्र मागा.