मदत हवी आहे: लेकीसाठी घोडेस्वारीचा कॅम्प
पुण्याजवळ मे महिन्यात लहान मुलांचा घोडेस्वारीचा चांगला कॅम्प माहितीये का कुणाला? लेक 9 वर्षांची आहे, माथेरानला दस्तुरी नाक्यावरून घोड्यावर गेलो (गाड्या आत सोडत नाहीत ना) तेव्हापासून डोकं खातीये. मी पाचवीत असा कॅम्प केलेला, भल्या सकाळी तबेल्यात जाऊन आधी खरारा (म्हणजे घोड्याचं अंग ब्रशने घासायचं), मग खूर साफ करायचे, गूळ सपाट तळहातावर धरून भरवायचा नाहीतर बोटं गेलीच समजा, आणि मग कुठे खोगीर! डावीकडूनच चढायचं, टाचा खाली. दुडक्या चालीत दोन दिवस नुसतं बूड आपटून घेतलं पण मजा विचारू नका. आता बघते तर सगळीकडे दहा मिनिटं गोल फिरवतात नि फोटो काढतात. घोड्याची निगा शिकवणारं, हेल्मेट घालायला लावणारं ठिकाण हवंय, राहायची सोय नसली तरी चालेल. फी साधारण किती पडते?