वेलर्सचा कणा म्हणजे बॅरेट बंधू
बॉब मार्लीच्या ‘वेलर्स’ या जमैकन रेगे बँडमधून पीटर टॉश आणि बनी वेलर हे त्याचे जुने साथीदार १९७४च्या सुमारास बाहेर पडले आणि तिथेच वेलर्स संपले, असं काही जण म्हणतात. अजिबात पटत नाही. अ‍ॅस्टन ‘फॅमिली मॅन’ बॅरेटचा बास आणि धाकट्या कार्लटनचे ड्रम, बँड उभा होता तो यांवर. दोघेही निर्माता ली पेरीच्या ‘अपसेटर्स’ या बँडमधून आलेले. कार्लटनचा ‘वन ड्रॉप’ हा रेगेचा ताल नीट ऐका: चार मात्रांतली पहिली रिकामी, आणि किक (पायाने वाजणारा मोठा ड्रम) व स्नेअर या छोट्या ड्रमच्या कडेवर आडव्या काठीचा ठोका, दोन्ही एकदम तिसरीवर. नवे ड्रमर सवयीने पहिलीवर किक मारतात, मग लयीचा सगळा डौलच जातो. गिटारची तुटक छाटही रॉकसारखी वाटायला लागते. १९८१मध्ये मार्ली गेल्यावरही अ‍ॅस्टनने बँड चालू ठेवला. कार्लटनचा १९८७मध्ये किंग्स्टनला खून झाला. अ‍ॅस्टन २०२४मध्ये गेला.