जिथे शिकलो नाही, पण खेळून (किंवा नाचून) आलो असे कॅम्पस – अनुभव सांगा

सड्यावरचा

परवा रात्री भाचा मोबाईलवर खो-खोचा वर्ल्ड कप बघत होता. जानेवारी २०२५ मध्ये दिल्लीत झाला तो, मुलं आणि मुली दोन्ही टीमनी फायनलला नेपाळला हरवलं आणि दोन्ही कॅप्टन आपल्या महाराष्ट्राचे, प्रतीक वाईकर आणि प्रियांका इंगळे. तर भाचा विचारतो, मामा तुम्हीपण असं मॅटवर खेळायचात का? म्हटलं बाबा, मॅट म्हणजे आम्हाला पाहुणे आले की अंथरायची चटई. आम्ही जांभ्याच्या मातीत खेळलो आणि पुरावा अजून गुडघ्यावर आहे. त्यावरून सगळं आठवलं आणि झोपच उडाली.

१९९९ साल. मी रत्नागिरीला शिरगावच्या फिशरीज कॉलेजात. कृषी विद्यापीठाच्या कॉलेजांच्या आपसातल्या मॅचेस दापोलीला होत्या. तेव्हा नुसतं कोकण कृषी विद्यापीठ म्हणायचे, डॉ. बाळासाहेब सावंतांचं नाव नंतर लागलं. पहाटेची एसटी. दाभोळची गाड्या चढवणारी फेरीबोट तेव्हा नव्हती, त्यामुळे हातखंबा, संगमेश्वर, चिपळूण, खेड असा अख्खा वळसा, आणि परशुराम घाटात आमचे दोन चेझर खिडकीला. पोचेपर्यंत टीम अर्धी पिवळी.

दापोलीत उतरलो तर डिसेंबरची थंडी. आम्ही समुद्रकाठचे, स्वेटर नावाची वस्तू कोणाकडेच नाही. आणि तो कॅम्पस! मी गेट कुठे संपतं ते बघत होतो आणि ते संपेचना, दोन्ही बाजूंना आंब्याची कलमं, काजू, मधेच शेतं, आणि या सगळ्याच्या मधे मुलं सायकलवरून लेक्चरला चाललीत. आमचं कॉलेज एवढंसं, मला वाटलं आपण चुकून कोणाच्या तरी बागेत शिरलो.

मॅच दापोलीच्याच मुलांशी. पहिल्या इनिंगला मी खुंटावर डाइव्ह मारली. गडी सापडला, पण माझा गुडघा नारळ सोलावा तसा सोलला. जांभ्याचे खडे आत गेलेले. तर समोरच्या टीमचा राखीव मुलगा बांधावर गेला, मूठभर दगडीपाला खुडला, तळहातावर चोळून रस पिळला आणि पिळता पिळता मला सांगतोय, "ट्रायडॅक्स प्रोकम्बेन्स, फॅमिली अ‍ॅस्टरेसी, परवा प्रॅक्टिकलला होता." मी दाताखाली टीशर्ट धरून बसलोय आणि हा मला फॅमिली सांगतोय. रक्त थांबलं मात्र. मॅच हरलो. रात्री त्यांच्याच मेसमध्ये कुळथाची पिठी नि भात, त्याच पोराने आग्रह करकरून वाढलं.

नंतर दापोलीला दहा वेळा गेलो असेन, पण फिरायला. तुमचंही असंच असेल ना, ज्या कॉलेजात विद्यार्थी म्हणून कधी पाय ठेवला नाही पण तिथलं मैदान, हॉल, स्टेज लख्ख आठवतं? लिहा.

सुरंगी

मस्त लिहिलंय. वाचतेय. भाकऱ्या झाल्या की लिहिते.

लाल डबा

परशुराम घाट आणि ओकारी यावर वेगळा धागा हवा. माझे स्वतंत्र २० प्रतिसाद येतील.

मालवणी झील

आमी मुळद्याक गेललंव, हॉर्टिकल्चरच्या कॉलेजात, क्रिकेट खेळूक. एप्रिल म्हयनो. टॉस जिकलंव, बॅटिंग घेतली. दोन विकेटी गेल्यो आणि अंपायर वराडता, "पुढचो बॅट्समन खंय?" पुढचो बॅट्समन काजीर. हातात बॅट नाय, बोंडू. खाली उतरलो तो शर्टाक सगळे बोंडवाचे डाग, ते काय जातत? आवशीन मारलान तो वेगळो. ३८ ऑल आउट.

चिपळूणकर नव्हे

@मालवणी झील ३८ मधे एक्स्ट्रा किती?

मालवणी झील

१७ 😂

नाट्यवेडी

माझा अनुभव खेळाचा नाही, एकांकिकेचा. चालेल ना? चालवून घ्या.

मुंबई युनिव्हर्सिटीचा यूथ फेस्टिवल, आमच्या झोनची फेरी. आता हे मुंबईवाल्यांना कळत नाही, पण रायगड रत्नागिरी सिंधुदुर्गची कॉलेजंपण मुंबई युनिव्हर्सिटीतच, आणि झोनच्या फेऱ्या असतात पावसाळ्यात. मुंबईत ठीक आहे हो, इथे पावसाळ्यात माणूस दारातून नळापर्यंत जाताना विचार करतो, आम्ही टेम्पोत थर्माकोलची विहीर घालून, वर ताडपत्री बांधून, एका कॉलेजात गेलो. नाव नाही घेत. हॉल मोठा, स्टेजही खोल, विंगा व्यवस्थित, पण वर पत्रे. निव्वळ पत्रे. खाली सिलिंग नाही.

आमच्या आधी दोन एकांकिका कोरड्यात पार पडल्या. आमची तिसरी घंटा झाली आणि सर आली. अशी आली की मी पहिलं वाक्य बोलले ते मलाच ऐकू गेलं नाही. समोर परीक्षक तिघे, त्यांनी एकमेकांकडे बघितलं, खुर्च्या उचलल्या आणि थेट स्टेजच्या कडेला येऊन बसले, म्हणजे माझ्यापासून पाच फुटांवर. मी विधवा सासू, हळूच पुटपुटण्याचा सीन, नवरा गेलाय, आणि मी बेंबीच्या देठापासून ओरडतेय "सूनबाई, मला आता बोलवत नाही गं!!" त्यातल्या एक परीक्षक बाई तोंडाला रुमाल लावून हसत होत्या ते मला दिसत होतं. विहिरीवर वरून एक गळती लागलेली, टप टप टप. विहिरीत खरंच पाणी साठलं. तेवढाच नेपथ्याला वास्तववाद.

त्या दिवशी बाजी कोणी मारली सांगा? मूकाभिनयवाल्यांनी. 🙏

लाल डबा

"मला आता बोलवत नाही गं" 🤣🤣 ऑफिसमध्ये आहे मी, माझ्याकडे सगळे बघतायत

सुरंगी

ऑफिसमध्ये आहात तर काम करा.

मूकाभिनय हे वाचून चहा सांडला माझा. आमच्या वेळी तर लाईट गेले तेव्हा लोकांनी

(बाकी नंतर, कुरिअरवाला आलाय)

निवृत्त मास्तर

मी ३१ वर्षे क्रीडाशिक्षक होतो. या धाग्यावर खेळाडूंचेच अनुभव येणार, मैदान आखणाऱ्याचे कोण विचारतो, म्हणून लिहितो.

ऑगस्टमधली कबड्डी. यजमान कॉलेजला मदतीला मी आदल्या दिवशी जायचो. पुरुषांचे मैदान १३ बाय १०. चार खुंट्या ठोकल्या म्हणजे मैदान झाले असे पोरांना वाटते, पण ते तिरके होते. कर्ण मोजायचा. दोन्ही कर्ण १६ मीटर ४० सेंटीमीटर आले की समजायचे काटकोन बसला. मग मधली रेषा, बॉक, बोनस. संध्याकाळी सहापर्यंत फक्की मारून मैदान असे दिसायचे की त्यावर पाय ठेववत नसे. रात्री पाऊस. सकाळी फक्कीचे दूध होऊन गटारात. तीन वर्षे हे केल्यावर डोके चालले. सुंभ ताणले, हातहातभर अंतरावर तारेचे आकडे करून जमिनीत दाबले, पार आत, पायाला लागायला नकोत. वरून भाताचा तूस पसरला. सुंभ भिजून आणखी ताणते, ढिले पडत नाही. त्या वर्षी चार सामने भर पावसात झाले आणि रेषेवरून एकही भांडण नाही. भांडण दुसऱ्याच गोष्टीवरून झाले, ते सांगत नाही, दोघेही आता राजकारणात आहेत.

चिपळूणकर नव्हे

मास्तर नाव सांगू नका पण तालुका तरी 😀

निवृत्त मास्तर

नाही.

खारेपाटणची लेक

कोणीतरी मुलींचं लिहायला हवं म्हणून लिहिते. व्हॉलीबॉल. एका कॉलेजात गेलो होतो, तिथली जिमखान्याची बिल्डिंग नवीकोरी, रंगाचा वास येत होता. कपडे बदलायची खोली कुठे विचारलं तर आहे म्हणाले, मुलींसाठी वेगळी आहे. गेलो. कुलूप. किल्ली शिपाईमामांकडे, शिपाईमामा जेवायला घरी, घर दोन किलोमीटरवर नदीपलीकडे. मग काय, आम्ही आठ जणी, दोन ओढण्या आणि एक टेबलटेनिसचं टेबल आडवं करून. नेट मुलांच्याच उंचीला, २.४३. आम्ही म्हटलं आमची २.२४ असते, तर आयोजक सर म्हणाले वीस सेंटीमीटरने काय होतंय. पाच फूट एक इंचाच्या माझ्या मैत्रिणीला विचारा काय होतंय. तिनेच टेबलावर चढून गाठ सोडली आणि नेट खाली घेतलं, सर बघत राहिले.

मामा आले चार वाजता, मॅच संपल्यावर. किल्ली घेऊन. बिचारे इतके ओशाळले की सगळ्यांना कोकम सरबत पाजलं स्वतःच्या खिशातून. त्यांच्यावर राग नाही माझा अजिबात. किल्ली एकाच माणसाकडे ठेवणाऱ्यांवर आहे, अजून आहे.

नाट्यवेडी

@खारेपाटणची लेक अगदी अगदी. आम्ही तर मेकअप कायम टेम्पोत केलाय.

सुरंगी

+१०० किल्ली हा विषयच वेगळा. माझ्या मुलीच्या कॉलेजात आजही हेच आहे, २०२५ मध्ये.

आडगावचा

बाय द वे दापोलीला विद्यापीठात काजूची कलमं मिळतात ना? वेंगुर्ला ४ का ७ लावू? पाच गुंठे वरकस पडून आहे.

सड्यावरचा

@आडगावचा ७ ची बी मोठी. दोन्ही जाती मूळ वेंगुर्ल्याच्या फळ संशोधन केंद्राच्या, तेही याच विद्यापीठाचं. वरकसात दोन्ही होतील, पण आधी नर्सरीला फोन करून शिल्लक विचारा, पावसाच्या तोंडावर झुंबड असते. आणि भाऊ, धागा मैदानाचा आहे.

आडगावचा

सॉरी सॉरी. मैदानाशेजारीच लावणार आहे.

बारा राशी

मी सावंतवाडीची, कॉलेजच्या टीमबरोबर मुंबईला गेलेले. मरीन लाईन्सचं युनिव्हर्सिटी पॅव्हेलियन. मॅचबद्दल सांगण्यासारखं काही नाही, पहिल्याच राऊंडला बाहेर, साडेअकराला मोकळ्या. परतीची गाडी रात्रीची, तोवर करायचं काय? मॅडम म्हणाल्या चला तुमच्या डिग्रीवर ज्या युनिव्हर्सिटीचं नाव येणार ती तरी बघून घ्या. चालत फोर्टला गेलो, ट्रॅकसूटवर, खांद्याला किट. राजाबाई टॉवर २८० फूट आहे म्हणे, आमच्यातली एक मान वर करून म्हणाली एवढ्या उंच माडावर पाडेली किती पैसे घेईल गो? शेजारच्या दीक्षान्त सभागृहात रखवालदार काकांनी पाच मिनिटं डोकावू दिलं. तिथे भिंतीत एक भलीमोठी गोल रंगीत काचेची खिडकी आहे, तिच्यात बारा राशी काढल्यात. दुपारचं ऊन काचेतून येत होतं. सगळ्या जणी आपापली रास शोधत बसलो, हरल्याचं विसरूनच गेलो. माझी कन्या, ती सापडेपर्यंत काका म्हणाले चला ताई. राहिलीच.

पदवीदानाला मी गेले नाही, पोस्टाने मागवली. त्यामुळे तो हॉल तेवढाच पाच मिनिटं.

लाल डबा

पाडेली किती घेईल 😂 पण छान लिहिलंत.

माझा घ्या. लोणेऱ्याला, आंबेडकर तंत्रशास्त्र विद्यापीठात चुलत भाऊ होता. २ एप्रिल २०११. मी माणगावहून वडापने गेलो कारण भावाने सांगितलं होस्टेलवर मोठ्या पडद्यावर फायनल दाखवणार, प्रोजेक्टर आहे, ये. बाहेरच्याला परवानगी नव्हती की काय माहीत नाही, मी भावाचा अ‍ॅप्रन घालून बसलो. इंजिनिअरिंगला अ‍ॅप्रन वर्कशॉपमध्ये घालतात हे मला काय ठाऊक, रात्री दहा वाजता अ‍ॅप्रन घातलेला मी एकटाच. शेदीडशे पोरं, घामाचा वास, गंभीर आऊट झाला तेव्हा स्मशानशांतता. मग धोनी. शेवटी शेवटी सगळे उभे, आणि आमचे बंधुराज नाचायला लागले ते नेमके वायरवर. पडदा निळा. पुढच्या सेकंदाला शेजारच्या विंगमधून जी गर्जना आली त्यावरून आम्हाला कळलं की सिक्स बसला. कुलशेखराला मारलेला तो सिक्स सगळ्या देशाने पाहिला, आम्ही दीडशे जणांनी ऐकला.

भावाला रात्रभर पोरांनी शोधलं. तो पाण्याच्या टाकीमागे होता.

मालवणी झील

अ‍ॅप्रन 🤣 तुका कोण बोलावक नाय म्हणून वाचलंस.

सुरंगी

कुरिअर, भाकऱ्या, सासूबाईंच्या गोळ्या सगळं झालं. काय लिहिणार होते तेच विसरले. लाईट गेलेले एवढं आठवतंय. गरबा होता की फॅशन शो ते नवऱ्याला विचारून सांगते, तो पण होता तिथे, तिथेच तर जमलं आमचं.

नाट्यवेडी

@सुरंगी!!!! हे आधी सांगायचं ना. लिहाच आता.

खारेपाटणची लेक

भाकऱ्या आम्ही करतो, तुम्ही लिहा.

सड्यावरचा

सगळ्यांचे वाचले, मजा आली. मास्तर, सुंभाची आयडिया भाच्याच्या शाळेत सांगतोय.

इकडचं अपडेट: काल संध्याकाळी भाचा म्हणाला मामा ती डाइव्ह दाखव. अंगणातल्या पोफळीला खुंट धरलं. पोफळ सापडली. आता कमरेला गरम पाण्याची पिशवी आहे, बायकोने दगडीपाला आणून समोर ठेवलाय आणि फॅमिली विचारतेय. बसून टाईप होत नाही, उद्या येतो.