माकगॉल्ली: चव आणि सोबतचं खाणं
माकगॉल्ली ही तांदळाची कोरियन दारू. ती 'गोड आणि पाणचट' लागली असं एकांनी लिहिलंय. बाटली हलवली होती का? तांदळाचा साका तळाशी बसतो. न हलवता ओतली तर वरचं पाणीच पेल्यात येतं. गोडीचं म्हणाल, तर स्वस्त बाटल्यांत कृत्रिम गोडीसाठी बऱ्याचदा अ‍ॅस्पार्टेम असतं. फक्त तांदूळ, पाणी आणि नुरुक (गव्हाचं विरजण म्हणा) असं लेबल बघून घ्या. ती आंबटसर, किंचित फसफसणारी, मागे धान्याची चव ठेवणारी लागते. अल्कोहोल साधारण ६ ते ८ टक्के.

सोबत पाजॉन, म्हणजे कांद्याच्या पातीचं धिरडं, हे ठरलेलंच. कोरियात पाऊस लागला की हीच जोडी आठवते. मला मात्र सोलच्या ग्वांगजांग बाजारातलं बिंदेत्तॉक (मुगाचं धिरडं) जास्त जुळतं वाटतं. भिजवलेले मूग वाटून भरपूर तेलात तळतात, त्या तेलकटपणाला हा आंबटपणा छान कापतो. जुन्या, आंबलेल्या किमचीबरोबरही (कोबीचं तिखट लोणचं) उत्तम. जॉल्ला प्रांतात आंबवलेला होंगॉ मासा, उकडलेलं डुकराचं मांस आणि किमची एकत्र खाऊन वर माकगॉल्ली पितात. पण त्या माशाला अमोनियाचा भपकारा असतो, पहिल्याच खेपेला त्याच्या वाटेला जाऊ नका!